खुर्ची मानाची, पाठ आपली

फर्निचरच्या कुठल्याही दुकानात जा किंवा मोबाइलवर ऑफिसची खुर्ची शोधा. तीन कप्पे हमखास दिसतील: बॉस चेअर, स्टाफ चेअर, व्हिजिटर चेअर. बॉसच्या खुर्चीची पाठ डोक्याच्याही वर जाते, गादी जाड असते. स्टाफच्या खुर्चीची पाठ खांद्याच्या खालीच संपते. व्हिजिटरच्या खुर्चीला बहुतेक वेळा चाकंही नसतात. पाहुण्यानं फार रेंगाळू नये, अशीच अपेक्षा असावी.

आता सांगा, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीला चिकटून कोण बसतं? स्टाफ. बॉस बराचसा वेळ मीटिंगमध्ये नाहीतर गाडीत असतो. म्हणजे जी पाठ जास्त राबते, तिला टेकण आखूड. हे उलटं गणित आलं कुठून?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की काम कुठूनही होतं, म्हणून सध्या घरूनच करतो. घर चिचगडला. गोंदिया जिल्हा, देवरी तालुका, पलीकडे छत्तीसगडची हद्द. आमच्या भागात जंगल आणि धान भरपूर, पण बसून बघायला ऑफिसच्या खुर्च्यांचं शोरूम नाही. कंबर दुखायला लागली तेव्हा ऑनलाइन खुर्च्या बघायला बसलो, आणि प्रत्येक ठिकाणी हेच तीन कप्पे. खुर्ची शरीराच्या मापावर न विकता पदाच्या मापावर का विकतात, या प्रश्नामागे लागलो तर थेट वेरूळपर्यंत जाऊन पोचलो.

पाय खाली सोडण्याचा मान

'खुर्ची इंग्रजांनी आणली, त्याआधी आपण सगळे मांडी घालून बसायचो' असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. वेरूळचं दहा नंबरचं लेणं बघा. सातव्या शतकाच्या सुमाराचा हा चैत्य. लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात, कारण छत दगडाचं असूनही लाकडी वाशांसारखं कोरलेलं आहे. आत स्तूपासमोर बुद्धाची भव्य मूर्ती आहे आणि ती मांडी घालून बसलेली नाही. उंच आसनावर, दोन्ही पाय खाली सोडून बसली आहे. अजिंठ्याच्या सव्वीस नंबरच्या लेण्यातही बुद्ध तसाच बसलेला आहे. या बैठकीला प्रलंबपादासन म्हणतात.

म्हणजे पाय खाली सोडून उंचावर बसणं आपल्याला दीड हजार वर्षांपूर्वीही माहीत होतं. पण ते देवाला, राजाला, गुरूला. बाकीच्यांनी खाली बसायचं. उंच आसन ही सोय नव्हती, ती खूण होती.

भाषेतही हेच दिसतं. 'खुर्ची' हा शब्द आपल्याकडे आला अरबी-फारसीतल्या 'कुर्सी'वरून. त्याच्या मागे अरामी आणि त्याच्याही मागे मेसोपोटेमियातल्या अक्कडी भाषेतला 'कुस्सू'. त्याचा एक अर्थ सिंहासन. पोर्तुगीजांच्या 'कादेइरा'चं कोकणीत 'कदेल' झालं. हा कादेइरा ज्या ग्रीक 'काथेद्रा'वरून आला, त्याच शब्दावरून 'कॅथेड्रल' झालं. बिशपची खुर्ची जिथे असते ते चर्च म्हणजे कॅथेड्रल. ओल्ड गोव्यातल्या 'से कॅथेड्रल'मधला 'से'सुद्धा लॅटिनमधल्या 'आसन' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. त्या भव्य इमारतीच्या नावात दोन शब्द, आणि दोन्हींच्या पोटात बसायची जागा.

आपली मराठी काही मागे नाही. राजगादी, व्यासपीठ, विद्यापीठातलं अध्यासन. 'सभासद' आणि 'संसद' या दोन्ही शब्दांतला 'सद' म्हणजे बसणं. आणि आजही कुणी 'खुर्चीसाठी भांडतात' म्हटलं, की तिथे कंबरदुखीचा विषय नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

कारकुनाचा गुडघा

मग काम कशावर बसून व्हायचं? जमिनीवर. मराठेशाहीचा प्रचंड कागदी कारभार, ती मोडीतली पत्रं, हिशेब, रोजकीर्दी, हे सगळं खुर्चीटेबलाशिवाय झालं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले लाखो कागद बैठकीवर बसलेल्या कारकुनांनी बोरूनं लिहिलेले आहेत. एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा उभा, त्यावर कागद टेकवलेला. नाहीतर पुढ्यात उतरत्या झाकणाची बुटकी लाकडी पेटी. व्यापाऱ्याच्या पेढीवर गादी, तक्क्या आणि अशी पेटी अगदी परवापरवापर्यंत दिसायची.

या बैठकीत एक गुण होता. ती पक्की नसे. मांडी अवघडली की गुडघा बदलायचा, तक्क्याला रेलायचं, पाय पसरायचे. शरीर स्वतःच सूचना द्यायचं आणि माणूस हलायचा.

आमचा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि भंडारा जिल्ह्यात कचेऱ्या आल्या. कचेरीबरोबर टेबल आलं, टेबलाबरोबर खुर्ची. साहेब खुर्चीवर आणि समोर आलेला माणूस उभा, ही मांडणी तेव्हा पक्की झाली. उत्तर हिंदुस्थानात तर इंग्रज अधिकारी 'कुर्सीनशीन' हा मान द्यायचे. म्हणजे साहेबासमोर खुर्चीत बसायची परवानगी. त्याचा कागद मिळायचा, आणि ज्याला मिळे तो जपून ठेवायचा. बसायला परवाना! आज एखाद्या ॲपला 'ॲडमिन ॲक्सेस' मिळाल्यावर जो तोरा येतो, तोच.

चिचगडही तेव्हा जमीनदारी होती. आजूबाजूच्या जंगलपट्ट्यात अशा बऱ्याच जमीनदाऱ्या होत्या. १९५० च्या कायद्यानं मध्य प्रदेशातल्या जमीनदाऱ्या संपल्या; आमचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. जमीनदारी गेली, पण उंचावर कोण आणि खाली कोण हा हिशेब कायद्यानं एका दिवसात जात नाही.

गोणपाट आणि प्लास्टिक

त्या हिशेबाची सगळ्यात बोचरी नोंद बाबासाहेब आंबेडकरांनी करून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ते साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहितात. त्यांना वर्गात इतरांपासून वेगळं, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावं लागायचं. तो तुकडा रोज घरून आणायचा आणि रोज घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायचा नाही. कोणी कशावर बसायचं हा प्रश्न आपल्याकडे लाकूडकामाचा कधीच नव्हता.

म्हणूनच मला ती साधी प्लास्टिकची खुर्ची फार महत्त्वाची वाटते. एका साच्यात, एका दमात ओतून निघणारी. १९७२ मध्ये आंरी मासोने या फ्रेंच माणसानं तिचं एक गाजलेलं रूप बाजारात आणलं आणि पुढे जगभर तिच्या नकला झाल्या. भारतात ती नीलकमल, सुप्रीम अशा कंपन्यांनी गावोगाव पोचवली. आज आमच्याकडे लग्न, तेरवी, ग्रामसभा काहीही असो, मांडवात त्याच खुर्च्या. सगळ्या सारख्या, कुणाचीही पाठ उंच नाही. आमदार आला तर त्याच्यासाठी मंचावर सोफा टाकतात ते सोडा, पण खाली बसलेल्यांत तरी उंच-नीच राहत नाही. गावातल्या इतक्या लोकांना एकसारखं आसन याआधी कुठल्या वस्तूनं दिलं होतं?

फक्त तिच्यावर बसून आठ तास कोडिंग करू नका. ती जेवणावळीसाठी आहे. उंची बदलत नाही, कमरेला आधार नाही, आणि मे महिन्यात पाठ तिला चिकटते.

आराम होता, पण कामासाठी नव्हता

लाकडी खुर्चीत आराम नव्हता असं नाही. आरामखुर्ची होतीच. लांब हात, वेताची विणलेली पाठ, हातांवर पाय टाकून पडायचं. जुन्या डाकबंगल्यांच्या आणि वनविभागाच्या विश्रामगृहांच्या व्हरांड्यात ती अजून सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुरकीच्या लष्करी इंजिनिअरांच्या नावानं 'रुरकी चेअर' आली. खिळा नाही, स्क्रू नाही. लाकडी दांडे एकमेकांत बसवायचे, कापड किंवा चामडं ताणायचं, आणि काम झालं की गुंडाळून घोड्यावर टाकायचं. पाठ तर बसणाऱ्याबरोबर मागेपुढे झुकायची. ही इतकी चांगली जमली होती की डेन्मार्कच्या कोरे क्लिंटनं १९३३ मध्ये तिच्यावरून 'सफारी चेअर' बनवली.

पण दोन्हींत बसायचा तो अधिकारी, तेही काम संपल्यावर. टेबलावर वाकलेल्या कारकुनाच्या नशिबी सरळ पाठीची लाकडी खुर्ची. हे फक्त आपल्याकडेच नव्हतं. अमेरिकेत थॉमस वॉरेन यानं १८४९ मध्ये स्प्रिंगवर झुलणारी, फिरणारी, चाकांची खुर्ची बनवली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती मांडलीही होती. म्हणजे तंत्र पावणेदोनशे वर्षांपूर्वी तयार होतं. पण ताठ बसणं म्हणजे शिस्त आणि रेलून बसणं म्हणजे आळस, ही समजूत स्प्रिंगपेक्षा मजबूत निघाली. आपल्याकडच्या शाळेत 'नीट बस' म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे.

पाठ मोजायला सुरुवात झाली

काम करणाऱ्याच्या शरीराकडे शास्त्रानं उशिरा बघितलं. 'अर्गोनॉमिक्स' हा शब्द पोलंडच्या यास्त्शेंबोव्स्की यानं १८५७ मध्ये वापरला होता, पण विषय म्हणून तो उभा राहिला दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरनं लंडनच्या डबलडेकर बसचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतर करणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त निघाला. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसननं जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. टेकण न घेता बसल्यावर हा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त, आणि पाठ मागे टेकून रेललं की कमी, असं त्याला आढळलं. पुढच्या मोजमापांत हा फरक त्यानं सांगितला तितका मोठा निघाला नाही, पण 'रेलणं म्हणजे आळस' या समजुतीला तेव्हा चांगलाच धक्का बसला.

मग १९९४ मध्ये अमेरिकेत 'एरॉन' आली. बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक यांनी बनवलेली जाळीची खुर्ची. तिची सुरुवात ऑफिससाठी झालीच नव्हती. हे दोघे आधी म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्ची बनवत होते. तासन् तास बसून राहणाऱ्यांची कातडी तापते, दुखते, म्हणून फोमऐवजी जाळी. एरॉनमध्ये मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळी आहे: ती तीन मापांत आली. लहान, मध्यम, मोठी. बॉस, स्टाफ, व्हिजिटर असे कप्पे नाहीत. चपलेसारखी, ज्याच्या त्याच्या शरीराप्रमाणे. अर्थात ती इतकी महाग होती की डॉट-कॉमच्या काळात तीच मिरवायची वस्तू झाली. मान पुन्हा मागच्या दारानं आत आला.

आणि मापं कुणाची? परदेशी खुर्ची परदेशी शरीरावर बेतलेली असते. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीयांच्या शरीरमापांचं पुस्तक १९९७ मध्ये आलं. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांची मापं त्यात आहेत: गुडघ्यामागची उंची, मांडीची लांबी, बसल्यावर कोपर कुठे येतं. खुर्ची बनवणाऱ्यानं आधी हे बघायला हवं. पाच फुटांच्या मुलीला सहा फुटी माणसाच्या खुर्चीत बसवलं की तिचे पाय लोंबकळतात, मांडीखाली रग लागते आणि दोष मात्र तिच्या 'चुकीच्या पोश्चर'चा ठरतो.

म्हणून खुर्ची घेताना

इतकं वाचून मी खुर्ची कशी निवडली ते सांगतो. पदाचं नाव वाचलं नाही, टेप घेतला.

बूट-चप्पल काढून बसलो आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर मोजलं. बैठकीची सगळ्यात कमी उंची याच्या आसपास किंवा खाली हवी. बऱ्याच खुर्च्या इथेच बाद होतात. मग मांडीची लांबी. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे, नाहीतर माणूस पुढे सरकतो आणि पाठीचा आधार नावापुरता राहतो. आधाराचा फुगवटा नेमका कमरेच्या आतल्या बाकाशी यायला हवा, म्हणून तो वर-खाली होणारा असावा. हात टेकवल्यावर खांदे उचलले जाऊ नयेत. आणि पाठ मागे झुकली पाहिजे. दिवसभर एकाच कोनात ठेवणारी खुर्ची कितीही महाग असली तरी ती लाकडी कचेरीचीच पुढची पिढी.

गेमिंग चेअर बघितल्या आणि सोडून दिल्या. त्यांचा आकार रेसिंग कारच्या सीटवरून घेतला आहे. वळणावर शरीर हलू नये म्हणून त्या सीटला दोन्ही बाजूंनी कड असते. माझं टेबल वळण घेत नाही.

खुर्चीइतकंच महत्त्वाचं म्हणजे टेबल. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट किंवा वीट ठेवा. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर चढवा, कीबोर्ड वेगळा जोडा. आणि अर्ध्या तासानं उठा. खुर्ची देणार नाही ते हे उठणं देतं.

खाली बसणाऱ्यांचं काय?

इथे कुणीतरी म्हणणारच, 'एवढं कशाला? आपली मांडीच बरी.' माझी आजी हेच म्हणायची. 'पाय लोंबकळून काहाले बसलास रे? खाली बस.' तिच्या बाजूनं शास्त्रही थोडं आहे. गॉर्डन ह्यूज या मानववंश अभ्यासकानं १९५५ मध्ये जगभरच्या बसण्याच्या सवयी गोळा केल्या. निदान पाव मानवजात उकिडवी बसून विसावते, असं त्याचं म्हणणं होतं. टांझानियातल्या हाझ्दा लोकांचा अभ्यास २०२० मध्ये आला. तेही दिवसाचे नऊ-दहा तास विसावलेलेच असतात. पण बराच वेळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर, म्हणजे स्नायू थोडे तरी कामात.

पण आजीच्या आयुष्याकडे बघितलं की हा मांडीचा गौरव मला पूर्ण पटत नाही. आमच्या जिल्ह्यात कित्येक घरांत बायका विड्या वळतात. तिनंही वळल्या. छपरीत भिंतीशी मांडी घालून, मांडीवर सूप, सुपात तेंदूपान आणि जर्दा. मान खाली, बोटं चालू. हिशेब हजारी विड्यांवर, म्हणून उठलं की पैसे कमी. पावसाळ्यात रोवणीला दिवसभर वाकायचं ते वेगळंच. म्हातारपणी तिला कंबर सरळ करता यायची नाही. ती तर खुर्चीवर कधी बसलीच नव्हती.

म्हणजे दोष खुर्चीचा नाही आणि गुण जमिनीचाही नाही. पाठ मोडते ती हलायची मुभा नसल्यानं. कारकुनाला गुडघा बदलता यायचा, कारण वेळ थोडाफार त्याच्या हातात होता. विडी वळणारीचा वेळ हजाराच्या हिशेबात अडकलेला, माझा तिकिटं बंद करण्याच्या डेडलाइनमध्ये.

काहींना तर बसायचीच मुभा नाही. इंग्लंडमध्ये दुकानातल्या मुलींना बसायला जागा द्यावी म्हणून १८९९ मध्ये कायदा करावा लागला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वं कलम होतं: उभं राहून काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, म्हणजे कामात उसंत मिळाली की टेकता येईल. पण साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांतल्या बायका कारखान्यात मोडत नव्हत्या. केरळात कोळिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या 'पेनकूट्टू' संघटनेनं बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं, तेव्हा २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तो केला. या बायकांनी स्प्रिंग मागितली नव्हती, जाळी मागितली नव्हती. गिऱ्हाईक नसताना एक स्टूल मागितलं होतं.

विडी कामगारांसाठीचा कायदा १९६६ चा. घरी बसून वळणाऱ्या बाईलाही तो कामगार मानायचा. तरीही तिच्या बसण्याला साजेसा एखादा पाठीचा टेकू, सूप थोडं उंच धरणारी चौकट, असं काही मी कुठल्या दुकानात बघितलेलं नाही. माझ्यासाठी मात्र मोबाइलवर बोट सरकवत जाल तितक्या खुर्च्या आहेत. बनवायला अवघड आहे म्हणून ते नसेल असं नाही. वेळूकाम करणारा बुरूड आणि गावचा सुतार मिळून ते करू शकतील. त्यासाठी कुणीतरी आधी टेप घेऊन त्या बाईची पाठ मोजायला हवी.